बरोबरची दोन चिन्हं

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शीतखोली मंगळवारी उणे चारपर्यंत गेली होती. पाच तास. आणि धोक्याचा भोंगा वाजला नाही.

आठवड्याचा तक्ता काढताना दिसलं. दुपारी एक ते सहा, सगळे आकडे शून्याखाली. आधी वाटलं सेन्सर बिघडला. दुसरा सेन्सरही तेच सांगतो. थंडीचं मशीन अडकलं असणार आणि आपोआप सुटलं असणार. दापोड्याच्या आमच्या गोदामात ही एकच शीतखोली, आणि ती इन्सुलिननं भरलेली. दोन ते आठ अंशांत राहायला हवं ते. एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर पुष्कळदा नेहमीसारखंच दिसतं, फक्त साखर उतरत नाही.

बुधवारी सकाळी त्यातली बासष्ट खोकी दुकानांना गेली. भिवंडी, कल्याण, वाडा.

भोंग्याचा प्रोग्रॅम माझा. गेल्या शनिवारी जुना कॉम्प्युटर काढून नवा लावला, तेव्हा त्यावर चढवला तोही मीच.

अजून कुणाला बोलले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. एक चिन्ह!

तापमानाचा शेरा 'कमी' आहे का हे तपासण्याच्या ओळीत मी बरोबरची दोन चिन्हं (==) टाकली आहेत. स्टँडर्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिस्टिमनी पाळायच्या नियमांत, एकच आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमला दोन चालायची, ती समजून घ्यायची. नवी लिनक्स नियमाला धरून. दोन दिसली की चूक म्हणते आणि पुढे जाते, म्हणजे भोंगा वाजवायचं राहूनच जातं. शनिवारी मी तपासलं होतं — पण हातानं, बॅशमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या सैल खिडकीत. तिथं दोन चालतात. रोजच्या वेळापत्रकावर तोच प्रोग्रॅम साध्या शेलमध्ये चालतो, तिथं सवलत नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळणारा माझा वरिष्ठ किशनदादा, त्यानं मला हे काम शिकवलं. सुरुवातीलाच मी विचारलं होतं, या फुकटच्या सिस्टिम इतक्या वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या, मग एकीवरचं दुसरीवर चालतं कसं? तो म्हणाला, "स्टँडर्ड एकच गो. सगळे पाळतात."

पाळतात. पण वर थोडं स्वतःचंही घालतात. मी त्या थोड्याच्याच भरवशावर राहिले.

आज त्याला सगळं दाखवलं. त्यानं उठून केबिनचं दार लावलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग नको बोलू. चिन्ह काढ, विषय संपला. पाच तासांत खोक्याच्या आत थंडी पोचते तरी का?"

"पोचली असली तर?"

"तर नोकरी तुझी जाईल, दिपिका."

चिन्ह काढलं. भोंगा तीनदा वाजवून पाहिला. वाजतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गप्प राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

धामणकर नाक्यामागे मी हबीबा खालाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. सकाळी तिनं खालून हाक मारली, "बेटी, मशीनमध्ये साखर किती आली बघ जरा. मला चष्म्याशिवाय दिसत नाय."

चारशे बारा.

"दोन दिवस असंच चाललंय," ती म्हणाली. "नवीन बाटली आणली, सुई रोज घेते. गोड पण नाय खाल्लं, कसम से." तोंड सुकलेलं. माझ्याकडे बघत होती जशी काही चूक तिचीच.

फ्रिज उघडला. बॅच नंबर मला तीन दिवसांपासून पाठ आहे. बाटलीच्या खोक्यावर तोच.

"ही टोचू नका, खाला. खराब आहे."

"तुला काय माहीत?"

रिक्षात घालून इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर बेशुद्धच आणावी लागली असती. सलाईन चालू आहे.

आज आणखी किती घरांत हे चाललं असेल? त्यांच्या फ्रिजमध्ये कोण बघणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

सकाळीच अय्यूबशेठच्या घरी गेले. गोदामाचे मालक, पण त्यांच्याशी मी याआधी धड चार वाक्यं बोलले नव्हते. दारातच बोलायला लागले ते संपेपर्यंत थांबले नाही.

"माल कुठं कुठं गेला त्याची यादी हाय?"

"आहे."

चहा अर्धा ठेवून त्यांनी चपला घातल्या. "चल." रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

दिवसभर मी नावं वाचत होते, ते फोन लावत होते. "भाई, वो माल मत बेचो. बिक गया तो घर जाके वापस लाओ." संध्याकाळपर्यंत एक्कावन्न खोक्यांचा पत्ता लागला. अकरा बाकी.

किशनदादा कामावर आला नाही. त्याचा फोन बंद.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खाला घरी आली. तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आधीच का नाय बोललीस?"

शेठ स्वतः अंबाडीमार्गे वाड्याला जाऊन आले. आणखी नऊ खोकी मिळाली. दोन अजून बाहेर. विकली गेलीत. कुणाला, ते दुकानदाराला आठवत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

औषध कंपनीनं तापमानाचे मागचे अहवाल मागितले, म्हणून जुना कॉम्प्युटर पुन्हा लावला.

त्यातल्या नोंदींत, गेल्या वर्षात भोंगा पाचदा वाजलाय. पाचही वेळा खोली शून्याखाली. पाचही वेळा मिनिटाभरात बंद केलेला, किशनदादाच्या पासवर्डनं. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी माल गेलाय.