बोटाची शाई

आवं अण्णा,

बिनविरोध म्हणजे गावाची एकी, हे तुमचं म्हणणं मला आजबी पटलेलं न्हाई! तुमी देवाघरी जाऊन वरीस झालं, तरी आपलं भांडण चालूच हाय बघा.

आज लिहायचं कारण आई. ती पंचायतीला उभी राहतीया. काल फोनवर म्हणाली, "तुझ्या अण्णांना तूच सांग रं. माझं त्यांनी कवा ऐकलंय?"

आधी इथलं सांगतो. हितं आखातात मी फरश्या बसवतो. खोलीत नेपाळचा हरी आणि श्रीलंकेचा सेल्वा. शुक्रवारी जेवताना सेल्वानं मोबाईलवर काढलं, कुठल्या देशात लोकशाही किती. सगळ्यात वर नॉर्वे. मग काय, लागली की जुंपायला!

हरी म्हणाला, "आम्ही तर राजाच घालवला."

मी म्हणालो, "आणि सरकारं किती पडली रं?"

"पडली तर पडली. नवीन आणायला लोकच लागले ना!"

मी छाती फुगवून सांगितलं, आमची लोकशाही जगात मोठी. तसा सेल्वा शांतपणे म्हणाला, "तू गावच्या सरपंचाला कितींदा मत दिलंस?"

मी घास ताटात ठेवला, अण्णा. एकदाबी न्हाई! देवळात बोली लागती, जास्त देईल तो सरपंच, बाकीचे अर्जच भरत न्हाईत, हे सांगितलं. हरी हसून लोळला. "मग तुझं गाव आमच्या लय खाली, गड्या!"

ती बोली पुकारायचा तुमी. मला त्याचाच राग.

तुमी ते का धरलं, ते ठाऊक हाय मला. एका निवडणुकीपायी आपल्या भावकीतली माणसं एकमेकांच्या मयताला गेली न्हाईत. ते तुमाला लागलं होतं. बोलीच्या पैशातनं सभामंडप झाला, टाकी झाली, तेबी खरं. पण टाकीचं पाणी आपल्या आळीला का येत न्हाई, हे विचारायची सोय कुठं राहिली? विचारलं की सरपंच म्हणायचा, "फुकट झालोय व्हय सरपंच?"

आठवतंय? तुमी आत बोली पुकारताय, आई बाहेर चपलांपाशी उभी. घरी आल्यावर म्हणाली, "आवं, आमदाराच्या मतदानाला बोटाला शाई लावून घेते, मग आपल्या गावाला का न्हाई?" तुमी म्हणालात, "शाई कशाला, मेंदी लाव!" आणि हसलात. ती हसली न्हाई. का हसलात, अण्णा?

परवा चुलते घरी आले. "अण्णाच्या बायकोनंच रीत मोडायची व्हय?"

आईनं कपबशी पुढं केली. "चहा घ्या भावजी. अर्ज मी भरणारच हाय."

आपल्या वॉर्डात एक अर्ज जादा झाला, की मतदान घ्यावंच लागतंय. तिला तेवढंच पायजे. पडली तर? पडू दे की!

मतदानाला मी येतोय. पगार कापला तरी येतोय. आणि निकाल काय बी लागू दे, दुसऱ्या दिवशी चुलत्यांच्या दारात चहाला मी जाणार. भावकी तुटू देणार न्हाई. तुमचं तेवढं राखतो, बाकीचं आईचं.

यंदाची बोली लाखांत गेली म्हणं. आईच्या अर्जाची अनामत मी आजच पाठवली.

तुमचा हट्टी,
संभा

रुपये पाचशे फक्त.