जेवण होईपर्यंतचा फोन

तीर्थरूप बाबांना,
तुमच्या भांडखोर लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. नव्या खोलीला खिडकी आहे, कपडे छान वाळतात. तुमचा गुडघा कसा आहे?

मी काम करते त्या व्यसनमुक्ती केंद्रात एक वेल्डरकाका येतात. पिण्याची तलफ आली की फिरायला जा, हा उपाय पुष्कळांना लागू पडतो, म्हणून मी त्यांनाही तोच सुचवला. ते मात्र हसले, "पोरी, फिरायला निघालो की पाय गुत्त्यावरच नेतात!" त्यांना तलफ येते ती दुकानाचं शटर ओढताना. म्हणून आता त्या वेळी त्यांची बहीण येते आणि दोघं भांडत भांडत घरी जातात. प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

बाबा, तुमची तलफेची वेळ मला आईने सांगितली. माझा फोन संपला की तुम्ही चपला घालता. मी रागावले नाही. घर एकदम गप्प होत असेल ना?

यापुढे मी तुमच्या जेवणाच्या वेळी फोन करीन. खुशाल आईच्या भाजीला नावं ठेवा. तुम्ही हात धुऊन अंथरुणावर पडेपर्यंत मी बोलत राहीन. चालेल का, ते मात्र तुम्हीच सांगा; नाहीतर दुसरं काही शोधू.

आणि तरीही पाय चपलांकडे वळलेच, तर आधी मला परत फोन लावा. मी उचलीन.

तुमचीच,
बडबडी