हात्सुशिओचं जलावतरण

५ मार्च २००५, हेन्डरसन, मुक्काम परदेशी लेकीकडे
लायब्ररीत ज्येष्ठांसाठी दर महिन्याला व्याख्यान असतं. आज एक गृहस्थ गुलाबांवर बोलला. खतासकट. पुढचं व्याख्यान मी मागितलं. विषय: महायुद्धातली जपानी विनाशिका हात्सुशिओ, बांधणीपासून बुडेपर्यंत. संयोजक कॅरल म्हणाली, स्वीट ॲज. म्हणजे इथल्या भाषेत, चालेल. पण चाळीस मिनिटंच. साताऱ्याला मुख्याध्यापक असताना चाळीस मिनिटांत माझं प्रास्ताविक होत नसे.

६ मार्च
मुलीला, नीलांबरीला, सांगितलं: कायमचा वक्ता नेमतील, तेव्हा पंधरा एप्रिलचं परतीचं तिकीट पुढे ढकल. ती म्हणाली, बाबा, आधी होऊ तर दे. साताऱ्याला जाऊन करू काय? नवा मुख्याध्यापक नमस्कारसुद्धा करत नाही.

१३ मार्च
भाषण तयार. बायको, शुभा, म्हणते, तीस वर्षं ऐकतेय, बोट चांगली आहे हो, तुम्हीच मध्ये येता. बायकांना रचना कळत नाही. आधी दीपप्रज्वलन, मग वक्त्याचा परिचय. परिचय दुसऱ्याने करून द्यायचा असतो. जावयाला सांगितलं. रणजित म्हणाला, त्या दिवशी फार्मसीत ड्यूटी आहे. गोळ्या मोजणारा माणूस. तेही मलाच करावं लागणार.

२० मार्च
रंगीत तालीम. श्रोता: नात इरावती. बाराव्या मिनिटाला विचारते, आजोबा, व्हेन डझ द शिप कम? आणि टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन तलावावर गेली. इथल्या शाळांत शिस्त नाही.

२ एप्रिल, दुपारी
समई पेटवायची नाही, अलार्म वाजतो म्हणे. न पेटवताच ठेवली. परिचय केला. ज्ञात-अज्ञातांचे आभार मानले. जपानची जडणघडण सांगितली, मग पोलाद, मग गोदी. नौका उतारावर उभी केली, आता दोर कापणार, तोच कॅरल उठली. चहा! हात्सुशिओ पाण्यातच गेली नाही.

संध्याकाळी
चहाच्या वेळी एका म्हातारीने शुभाला विचारलं, मग त्या बोटीचं झालं काय? शुभाने मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. बेटांवर लढायला सैनिक पोरं सोडायला जायची. उरलेली आणायला जायची. एकदा आणायला गेली, डेकवर पोरं दाटीवाटीने बसली, घरी निघालो म्हणून खूश. तेवढ्यात टॉर्पेडो. सगळे हातात कप धरून उभे. गुलाबवाला डोळे पुसत होता. तोफांचा व्यास नाही, इंजिनाची ताकद नाही. याला व्याख्यान म्हणत नाहीत.

५ एप्रिल
कॅरलचा फोन. मीच घेतला. तिला शुभा हवी होती. पुढचे तीन महिने शुभा बोलणार. नीलांबरीने तिकीट पुढे ढकललं. आईचं. मला म्हणाली, बाबा, घर किती दिवस बंद ठेवायचं? साताऱ्याला माझी गरज आहे, एवढं तरी तिला कळलं.

१५ एप्रिल, विमानात
शुभा एअरपोर्टवर आली नाही. तयारी चालू आहे म्हणे.
मधली सीट. दोन्ही बाजूंना श्रोते. सिंगापूरपर्यंत कुणाला कुठे जाता येत नाही. परिचयापासून सुरुवात केली.
डावीकडच्याने डोळ्यांवर पट्टी ओढली. उजवीकडचा आधीच झोपला होता.