ओसरीखालचा खडक

१० डिसेंबर १९७२
पाथर्डीहून जीपने आले. धूळ खाल्ली, पण जमिनीची ओढ मोजणारा गुरुत्वमापक शाबूत आहे. मुक्काम दगडाबाईंकडे; एकट्याच राहतात, घर लखलखीत. गावच्या विहिरी कोरड्या, एकीत मात्र कोमट पाणी. खाली भेगाळ खडकातून ऊन पाणी चढत असावे. भेगा असतील तिथे खडक हलका, म्हणून ओढ कमी. ती मोजायची. ओसरीतला सपाट दगड हे मूळ ठाणे. रोज तिथूनच सुरुवात, तिथेच शेवट. काम आवडीचे आहे.

१४ डिसेंबर
ठाण्यावरचा आकडा रोज उतरतो. यंत्राची स्प्रिंग शिणते. तेवढा फरक सगळीकडून वजा करायचा, हीच आमची रीत. शिणले तर मीही आहे. दगडाबाई चहा देताना म्हणाल्या, "बाई, तुमी आल्यापासनं भुई लई उबदार झाली. सरकारनं शेगडीच धाडली जनू." त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. खाट सोडून ओसरीतच निजतात.

१८ डिसेंबर
शंका आली म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवर पुन्हा मोजले. पहिल्या दिवशीचाच आकडा. यंत्राला काही झालेले नाही. या घराखालचा खडक नाहीसा होतो आहे आणि मी तो दररोज वजा करत बसले.
दगडाबाईंना घर सोडायला सांगितले. हसल्या. अख्खा गाव ऊस तोडायला गेला तेव्हा हलले नाही, तुमच्या डबीसाठी हलू का, म्हणाल्या.

१९ डिसेंबर
आज त्या उठल्याच नाहीत. बरं वाटतंय, म्हणतात. ड्रायव्हर सहादेवने आणि मी उचलून पाहिले. पाठ जमिनीपासून सुटेना. तो माणसे आणायला जीप घेऊन गेला.

२० डिसेंबर
सहादेव अजून परतलेला नाही.
यंत्र त्यांच्या उशाशी मांडले. भिंगातली ओढ दाखवणारी रेघ स्थिर हवी. ती वर जाते, खाली येते. पुन्हा वर. दगडाबाईंची छाती हलते तशीच — अगदी तशीच.

२१
दुपारी त्यांचा श्वास थांबला. आरसा धरून पाहिला.
रेघ थांबलेली नाही.

संध्याकाळ
ओढून बाहेर काढायलाच हवे. अशा सोडून जाणार नाही. हात धरला आहे. गरम आहे. ताकद उरली नाही — उभे राहवत नाही. दगड उबदार — आधी जरा पाठ टेकते, मग