सुनेचं नाव मी शेवटून हलवलं

तीर्थस्वरूप थोरल्या वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (तेल कोमट करून चोळा, पण बेताचंच घ्या. जास्त ओतलं की निम्मं चादरीलाच लागतं.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ह्यांची साखर जागेवर आहे, नातीला दोन दात आले, देवाचं सगळं वेळच्या वेळी होतं, आणि आज आठ दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तसं आपलं घर पूर्वीपासून गप्पच. पण तेव्हा बोलायला काही नसायचं म्हणून गप्प होतो, आता आहे म्हणून गप्प आहोत.

सूनबाई कॅन्सरच्या दवाखान्यात संशोधन करते हे तुम्हाला ठाऊक आहे. नेमकं काय करते ते मात्र तुम्हाला, मला आणि ह्यांना अगदी सारखंच ठाऊक आहे. मला उमगलं ते एवढंच, की गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बायका उपचार अर्ध्यावर टाकून घरी का निघून जातात, याचा ती सहा वर्षं छडा लावत होती. कल्पना तिची, मेहनत तिची, बाळंतपणाच्या रजेतही काम चालूच. नातीला मांडीवर घेऊन मी तिचे फोन ऐकत बसे. "घरचे नको म्हणाले" हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा यायचं. (मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर रेघा मारून ठेवल्या आहेत. एकशे बारा झाल्या, मग पान संपलं.) तर हे सगळं आता एका मोठ्या मासिकात छापून येणार, असं ठरलं.

गेल्या महिन्यात तो छापायचा लेख टेबलावर पडला होता. पुसायला म्हणून उचलला, तर वरच नावांची यादी. अकरा नावं. वन्सं, आपल्या सुनेचं नाव सगळ्यात शेवटी! जो पोरगा मागच्या वर्षी आला, ज्याला हिने बोट धरून शिकवलं, त्याचं नाव पहिलं, आणि ही सगळ्यांच्या मागून. आपण दोघी जन्मभर शेवटी जेवलो, फोटोत कडेला उभ्या राहिलो, घराच्या कागदावर आपलं नाव असलंच तर खालून पहिलं. मी मॅट्रिक होऊन घरात बसले ते बसलेच. म्हटलं, माझं झालं ते झालं, पण एवढी शिकलेली पोर, आणि तीही रांगेच्या शेपटाला? तिला विचारलं असतं तर "आई, जाऊ दे" म्हणाली असती. तिचा स्वभाव सोसायचा. (असं तेव्हा मला वाटत होतं.) मग देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, जावं की जाऊ नये. 'जा' आलं. (पहिल्यांदा 'जाऊ नको' आलं होतं, पण त्या चिठ्ठीची घडी नीट बसली नव्हती, म्हणून परत टाकल्या.)

तिच्या मोठ्या साहेबांना भेटायचं म्हणजे दवाखान्यात केसपेपर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. काढला. मग वजन केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, आणि एका नर्सने "आजी, घरचं कोणी बरोबर नाही का?" असं इतक्या मायेने विचारलं की मलाच आपल्याला काहीतरी झालंय असं वाटू लागलं. तीन तास बाकावर बसले. शेजारच्या बाईने डोक्याला रुमाल बांधला होता. तिने मला निम्मं केळं दिलं आणि म्हणाली, "पहिल्यांदाच ना? पहिल्यांदा भीती वाटते." मी काय सांगणार? केळं खाल्लं. खोटं बोलून खाल्लेलं ते केळं अजून माझ्या घशात आहे.

मोठे साहेब मात्र फारच गोड माणूस. (असंही तेव्हाच वाटलं.) तक्रार काय, म्हणाले. मी म्हटलं, तक्रार आहे, पण माझ्या अंगात नाही, तुमच्या यादीत आहे. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "एवढंच ना, आई? शेवटून काढू की! फक्त तेवढं दोन ओळीत लिहून द्या." अर्ज लिहायला मला शाळेत बक्षीस होतं. विषय, महोदय, सविनय विनंती, खाली 'आपली विश्वासू', आणि कंसात 'पालक'. माझ्यासमोर त्यांनी तिचं नाव उचलून सहावं घातलं, बरोब्बर मधोमध, दोन्हीकडून पाच-पाच जणांची राखण. आणि शेवटच्या जागी कोण? स्वतः! एवढा मोठा माणूस, वन्सं, आपण होऊन शेवटी बसला! माझे डोळे भरून आले. घरी येऊन त्यांच्या नावाने देवापुढे दिवा लावला.

चार दिवसांनी सून आली ती पायातल्या चपला न काढताच खुर्चीत बसली. चिरंजीवांना मी हळूच विचारलं, तेव्हा कळलं. त्यांच्यात म्हणे पहिलं नाव काम करणाऱ्या शिकाऊचं, आणि शेवटचं नाव ज्याचं ते संशोधन, त्याचं. मधली सगळी नुसती गर्दी. आजवर हिने केलेली चार संशोधनं छापून आली, चारही वेळा शेवटी मोठे साहेब आणि ही गर्दीत. या वेळी वर्षभर भांडून तिने ती जागा मिळवली होती. या एका नावावर तिला स्वतःचा विभाग मिळायचा होता. आता साहेब म्हणतात, बदल तुमच्या संमतीनेच झालाय, कागद माझ्यापाशी आहे. तो कागद ते दाखवत नाहीत. हिला वाटतं हाताखालच्या मुलीने खोटी सही केली. त्या मुलीशी ही बोलेनाशी झाली आहे, आणि ती पोर म्हणे जिन्यात रडत होती.

कागद कोणाचा ते मला माहीत आहे, साहेबांना माहीत आहे आणि देवाला. तिघेही गप्प. रोज ताटं मांडताना ठरवते की आज सांगायचं, आणि मग मीठ पुढे करते. त्या एकशे बारा बायकांच्या घरचे "नको" म्हणाले, आणि हिच्या घरची मी तर लेखी देऊन आले.

ह्यांचा नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता. क. गुडघे विचारायला पत्र लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमचा शब्द सूनबाई मानते. तेवढं तुम्ही फोन करून तिला सांगा. सांगताना 'तुझ्या सासूने' न म्हणता 'घरातल्या कोणीतरी' म्हणालात तर फार उपकार होतील. (तिला सोडून घरात आम्ही चौघं आहोत, त्यातलं एक दहा महिन्यांचं, हे माझ्या ध्यानात आहे.)

ता. क. दुसरा. फोन करू नका. माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून पाकिटावर तुमचा पत्ता घालायला हे पत्र सुनेकडे दिलं. पाकीट उघडंच होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा ओटा पुसला, तरी तिचं वाचून होईना. मग उठली आणि बाहेर गेली. आधी त्या मुलीच्या घरी, मग झेरॉक्सच्या दुकानात. तुमच्या हातात आहे ती झेरॉक्स, हा ता. क. मागाहून तिच्यावर लिहिलाय. मूळ पत्र मासिकाच्या संपादकांकडे गेलं, कारण यादी हिच्या संमतीशिवाय बदलली याचा दुसरा पुरावा जगात नाही. पाठवण्याआधी तिने ते माझ्यासमोर ठेवलं. 'भावजय' चालायचं नाही म्हणाली, पूर्ण नाव आणि सही हवी. मी विचारलं, कुठे करू, वर की खाली? आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, नाव तुमचं आहे. तुम्हीच ठरवा." मला ठरवायला फार वेळ लागला.

संपादकांचा निकाल सहा आठवड्यांनी लागतो, अंक चौथ्या आठवड्यात छापायला जातो. दोन्ही तारखा वहीत लिहिल्या आहेत. देवाला रोज सांगते, पण अशा कागदावर त्याची सही चालत नाही.