एक्केचाळीस नंबरची कुंडी

३ नोव्हेंबर
आले एकदाची न्हावऱ्याला! शिक्रापूरच्या कारखान्यात बावीस वर्षं सुट्या भागांतले दोष शोधले, आता फुलांतले शोधायचे. मालक पुण्यात असतात, ऑर्किडच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसतात. त्यांची तीनशे झाडं इथल्या शेडनेटमध्ये आहेत. शेजारी माझी खोली, चहूकडे ऊस. या झाडांना मातीच लागत नाही, कोळशाच्या तुकड्यांवर मुळं तगतात, याची भारी गंमत वाटली. कुंड्या धुवायला गावातली आसिया येते. मालकांची ताकीद एकच: सुकलेली मुळं छाटताना एका झाडाला लावलेलं ब्लेड ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्याला लावायचं नाही, रोग पसरतो. पानावर काळी वर्तुळं दिसली, तर ते झाड त्याच दिवशी जाळायचं.

११ नोव्हेंबर
एक्केचाळीस नंबरला पहिलं फूल आलं. पांढरं, मधली ओठासारखी पाकळी जांभळी. मालकांच्या तक्त्याप्रमाणे गुण दिले, शंभरात एक्क्याऐंशी. मान जराशी झुकते, तिथे गुण कापले. मग वाईट वाटलं आणि चक्क त्याची माफी मागितली. आसिया दुपारी घरी गेली की बोलायला दुसरं आहे कोण? भावाने दिवाळीतही फोन केला नाही.

१९ नोव्हेंबर
लायटर संपला. दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला, ब्लेड पदराला पुसून तसंच चालवलं. एक्केचाळीसच्या वेळी माझं बोटही कापलं. कारखान्यात असा हलगर्जीपणा कुणी केला असता तर मीच फाडून खाल्लं असतं.

२ डिसेंबर
सात झाडांवर वर्तुळं. सहा जाळली. सातवं एक्केचाळीस. नाही जाळवलं मला. उचलून खोलीत खिडकीशी ठेवलं आणि मालकांना फोनवर सहाच सांगितली. खोटं बोलले खरी, पण किती दिवसांनी खोलीत कुणी असल्यासारखं वाटलं.

९ डिसेंबर
आसियाने माझा हात धरला आणि हे डाग कवापासनं हायत म्हणून विचारलं. मनगटावर काळी वर्तुळं, एकात एक. डॉक्टर म्हणाले, गजकर्ण आहे; मलम दिलं. दुखत नाही. भूकही लागत नाही. बादलीत पाय बुडवून बसलं की बरं वाटतं.

१४ डिसेंबर
आसिया म्हणाली, बाई, ते झाड जाळा, न्हाईतर मी मालकास्नी सांगते. मी तिच्या अंगावर ओरडले. ती निघून गेली.

१६ डिसेंबर
काडी ओढली. पानापाशी नेली— माझाच तळहात पोळला. फुंकर मारली. रडले.

१८ डिसेंबर
नखांखालून पांढरं काहीतरी. मऊ, टोकाशी हिरवं. कापलं, रक्त नाही. फूल माझ्याकडे वळलंय. आता एकटी नाही मी, आणि त्याचीच भीती—

१९ डिसेंबर
पाय उचलत नाहीत. फोन पलंगावर. चार पावलं—

२० डिसेंबर
गाडी थांबली. मालक. आसियाही. तिने दारातून सगळी खोली पाहिली. माझ्यावरून नजर गेली, थांबली नाही. मालकांना म्हणाली, बाई कुठं दिसंनात, आन् झाड एकच व्हतं, हितं तर दोन हायत. मी हात हलवतेय— हलत नाही— मालकांनी दारातूनच विचारलं, वर्तुळं दोन्हींवर आहेत का? आसिया अगदी जवळ आली. माझ्या तोंडाशी वाकली. म्हणाली, व्हय. आसिया, अगं मी—