ठिपक्याचा मका

दिल्ली,
४ फेब्रुवारी १९८६

चि. भाऊ जागेश्वर, तुले दादाचा आशीर्वाद.

मी इथं बरा आहो. थंडी खूप आहे, पण मायची गोधडी पुरते.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. मी पाठवलेल्या मक्यातले डागी दाणे मायनं निवडून कोंबड्याईले टाकले, अन् साफ दाणे विहिरीपाशी पेरले म्हणतो. अरे, त्या ठिपक्यांच्या दाण्यांसाठीच तर सारं होतं! इथल्या थंडीत मका येत नाही म्हणून आपल्या गावी सिहोऱ्याले पाठवले. दाण्यातलं एखादं जनुक जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसते अन् तिथलं काम बिघडवते, तेव्हा असे ठिपके पडतात. असं बिघडवूनच नव्या तऱ्हेची झाडं काढाची, हेच माझं संशोधन. तुले बजावलं होतं ना? मग काहून पाहत बसला?

आता सरांना काय सांगू, कोंबड्याईनं खाल्लं म्हणून?

बाबाचा खोकला कसा आहे?

मायले मात्र काही बोलू नको. तिचं पार्सल आजच आलं. पोराले दिल्लीत डागी बी देतात म्हणून तिनं घरच्या मक्याचे दाणे एकेक निवडून धाडले. एकावरही ठिपका नाही.

बी झकास आहे, म्हणून सांगजो.

तुझा दादा,
टेकचंद